नेट बंद असल्याबाबत

आमचे साहेब चौतीस वर्षं सरकारी नोकरीत होते. कोणतं ऑफिस ते सांगत नाही, पेन्शन चालू आहे. विष्णुपुरीच्या रस्त्याला होतं एवढं पुरे. तिथं ते कारकून म्हणून लागले, कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्त झाले ते फक्त ऑफिसातून. घरातली नोकरी अजून चालू आहे, तिला वयाची अट नाही.

खोटं वाटत असेल तर आमच्या नांदेडच्या घरी या. दाराजवळ खिळ्याला दोरीनं बांधलेली वही दिसेल. ती हालचाल नोंदवही. दळणाला जायचं असलं तरी कुठं जाणार, किती वाजता परत येणार ते लिहायचं आणि सही करायची, असा अलीकडंपर्यंत नियम होता. पाहुणे आले की आधी मी त्यांना वही दाखवते, म्हणजे पुढं त्यांना कशाचंच नवल वाटत नाही. साहेबांना मी साहेब म्हणते ते लग्नापासून. आधी आदरानं म्हणायचे, मग सवयीनं, आता ज्या कारणानं म्हणते ते त्यांनाही ठाऊक आहे.

या माणसाला एक तारीख कायम लक्षात आहे, बारा जुलै एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. ते नोकरीत रुजू झाले ती तारीख. दर बारा जुलैला घरी जिलेबी येते. मोबाईलचं कुलूप, कपाटाचं कुलूप, बँकेचा नंबर, सगळीकडं तीच. आमच्या लग्नाच्या तारखेला चौतीस वर्षांत पेढ्याचा तुकडाही आलेला नाही. एका वर्षी मी आठवण करून दिली तर म्हणाले की आधी सांगायला पाहिजे होतं, ऐनवेळी तरतूद होत नसते.

कॉम्प्युटर आमच्या लेकीचा, धम्मप्रियाचा. ती लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. तिथं नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना कॉम्प्युटर आमच्याकडं ठेवून गेली. जाताना तिनं त्यावर आमची दोन वेगळी खाती उघडून दिली. चालू केला की दोन गोल दिसतात, ज्याचा गोल त्यानं दाबायचा. माझ्या खात्याचं नाव आई. साहेबांच्या खात्याचं नाव अधीक्षक, ते त्यांनी स्वतः सांगून टाकून घेतलं. त्यांच्या खात्याला पासवर्ड होता. माझ्या खात्याला नव्हता, कारण घरात दोन माणसं, त्यात लपवायचं काय आणि कोणापासून, असं मला वाटायचं.

त्या खात्यातून मी बी.ए. करत होते. माझं माहेर बिलोलीकडचं. बारावी झाले आणि लग्न झालं. मुलगा सरकारी नोकरीत आहे आणि बी.ए. आहे, असं कळल्यावर माझी आई सरजाबाई आठ दिवस जमिनीवर नव्हती. तिला सही येत नव्हती. पण 'जावई बीये हाय, बीये' हे तिनं वस्तीतल्या एकूण एक घरात जाऊन सांगितलं होतं. माझंही शिक्षण पुढं होईल असं तेव्हा बोलणं झालं होतं. बोलणं झालं आणि राहिलं. मग धम्मप्रिया झाली, मग साहेबांच्या बदल्या झाल्या. साहेब निवृत्त झाले त्या वर्षी मी म्हटलं की आता तुम्ही मोकळे आहात, डबा करायचा नाही, मी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरते.

पहिल्या वर्षी साहेबांनीच पुस्तकं आणून दिली, कव्हरं घातली. मी पास झाले तेव्हा गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी चौसष्ट टक्के पडले तर नुसतं 'बरं' म्हणाले. तिसऱ्या वर्षी तर माझ्या पुस्तकांना हातही लावेनात. मला वाटलं, वय झालंय, कंटाळले असतील.

शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प होता. मी विषय घेतला सरकारी अर्जाची भाषा. त्याला कारण साहेबच. बाकी काही असो, अर्ज लिहावा तर या माणसानं. नायगाव, बिलोलीकडून लोक यायचे आमच्याकडं, कोणाची शिष्यवृत्ती अडलेली, कोणाचं घरकुल, कोणाच्या दाखल्यावर नाव चुकलेलं. साहेब पाटावर कागद घेऊन बसायचे आणि एका दमात लिहायचे. आनंदराज गजभाऱ्याच्या हातचा अर्ज माघारी येत न्हाई, असं लोक म्हणायचे. त्या सगळ्या अर्जांच्या नकला ट्रंकेत होत्या. त्यातले साठ निवडून मी प्रकल्प लिहिला. त्याची तोंडी परीक्षा ऑनलाइन होती, जूनच्या एका गुरुवारी, दुपारी तीन वाजता. कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर पाहिजे, मोबाईल चालणार नाही, गैरहजर राहिल्यास पुढच्या वर्षी, असं पत्र आलं होतं. पुढचं वर्ष म्हणजे मला चोपन्न लागणार. चौतीस वर्षं थांबले होते, आता आणखी एक वर्ष थांबायची माझी तयारी नव्हती.

परीक्षेच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, मी बैठकीत बाबासाहेबांच्या फोटोखाली भिंतीला दोन खिळे ठोकले. साहेबांनी विचारलं की दोन कशाला. मी सांगितलं, एक माझ्या डिग्रीला आणि एक तुमच्या. तुमचं प्रमाणपत्र कुठं ठेवलंय ते काढा, दोन्ही एकसारख्या फ्रेमा करू, शेजारी शेजारी लावू. आई नाही बघायला, पण तिचा फोटो समोरच आहे. साहेब म्हणाले की बघावं लागेल, ऑफिसच्या कागदात असेल. आणि चहा अर्धा टाकून उठले.

बुधवारी सकाळी मी आंघोळ करून कॉम्प्युटर लावला तर माझ्या खात्यातलं नेट गेलेलं. खाली कोपऱ्यात खूण दिसत होती की नेट जोडलेलं आहे. पण काहीही उघडायला गेलं की पांढऱ्या पानावर इंग्रजीत चार ओळी यायच्या. मी साहेबांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत सगळं वाचलं आणि सांगितलं की नेट वरून बंद आहे.

साहेबांच्या जगात सगळं वरून होतं. बदली वरून, चौकशी वरून, पाऊससुद्धा त्यांनी एकदा वरून थांबवलाय असं म्हटलेलं आठवतं. मी म्हटलं, जरा तुमचं खातं उघडून बघा. त्यांनी मला तोंड फिरवायला लावून पासवर्ड टाकला. त्यांच्या खात्यात नेट धो धो चालू. पेन्शनरांच्या बातम्या उघडल्या, एका बाबाचं भाषणही सुरू झालं. मी विचारलं, एकच पेटी, एकच तार, मग तुमच्यात चालू आणि माझ्यात बंद हे वरून कसं होतं? साहेब म्हणाले की अधीक्षकाच्या खात्याला प्राधान्य असतं.

मग साहेबांनी दुरुस्ती काढली. नेटची पेटी बंद केली, चालू केली. तार काढून तिच्यात फुंकर मारली, बनियनच्या टोकानं पुसली, पुन्हा लावली. पेटी फ्रिजवर ठेवली, तिथून देव्हारा असता तर देव्हाऱ्यात ठेवली असती, पण आमच्यात तो नाही, म्हणून टीव्हीवर ठेवली. टेबल खिडकीकडं ओढलं. खिडकीत खारीनं तार कुरतडली असेल म्हणून काठी घेऊन खार शोधली. मी मागं मागं फिरत होते आणि ह्या माणसाची या वयात माझ्यासाठी किती धावपळ होतेय म्हणून माझं मन भरून येत होतं. हे आता लिहिताना माझंच मला हसू येतं.

दुपारी साहेबांनी नेटवाल्या कंपनीला दोन प्रतीत तक्रार लिहिली, पण ती द्यायच्या आधीच मी फोन केल्यामुळं त्यांचा माणूस आला. त्यानं अधीक्षकाचं खातं बघितलं, माझं खातं बघितलं, आणि म्हणाला की काकू, आमच्याकडून नेट पळून राहिलं, बिघाड तुमच्या ह्या खात्यात हाय, कॉम्प्युटरवाल्याला दाखवा. साहेबांनी त्याच्याकडून सही घेतली आणि त्याला लगबगीनं फाटकापर्यंत पोचवलं. इतक्या आदरानं त्यांनी कधी जावयालाही पोचवलं नव्हतं.

संध्याकाळी मी म्हटलं की मग उद्या मला तुमच्या खात्यातून परीक्षेला बसू द्या. तिथंही अडचण होतीच. परीक्षेची लिंक माझ्या ईमेलवर येणार होती, आणि ईमेलचा पासवर्ड धम्मप्रियानं एकदाच टाकून ठेवला होता, तो मला येत नव्हता. माझा प्रकल्पही माझ्याच खात्यात. पण पेन ड्राइव्हवर घेऊन काहीतरी करता आलं असतं. पेन ड्राइव्ह कपाटात, आणि कपाटाला त्या दिवशी बारा जुलै लागेना, नंबर बदललेला. साहेब नाही म्हणाले नाहीत. सरकारी माणूस कधी नाही म्हणत नाही. अधीक्षकाच्या खात्यात पेन्शनची कागदं आहेत, दुसऱ्याला वापरू देणं नियमात बसतं का ते बघावं लागेल, विनंती विचाराधीन आहे, असं म्हणाले आणि जेवायला बसले. त्या दिवशी माझ्या पोळ्या करपल्या. ओट्यापाशी उभी राहून मी रडले. आवाज न करता रडता येतं मला, चौतीस वर्षांचा अनुभव आहे.

गुरुवारी जेवण झाल्यावर साहेबांनी वहीत लिहिलं: पेन्शनर मंडळ, परत ४ वा. पेन्शनर मंडळ सोमवारी भरतं. पण ऊन एवढं होतं आणि माझं डोकं एवढं फिरलेलं होतं की मी सोमवार-गुरुवार काही बघितलं नाही. दोन वाजता मी धम्मप्रियाला फोन लावला. लातूरला तिच्या दोन तुकड्यांच्या मध्ये वीस मिनिटांची सुट्टी असते, तेवढ्यात ती डबाही खाते. मी आधी फोन केला नव्हता कारण साहेबांनी सांगितलं होतं, पोरीला उगाच त्रास देऊ नको, मी बघून राहिलो ना.

तिनं घास चावत चावत विचारलं, "स्क्रीनवर काय लिहिलंय, वाच."

"इंग्रजीत हाय बाई. तुझ्या पप्पांनी वाचलं, वरून बंद हाय म्हणले."

"पप्पांचं राहू दे. तू वाच."

"मला कुठं येतं?"

"आई, तू बी.ए.चा इंग्रजीचा पेपर पास हायस. वाच."

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे पास झाले ते माहीत होतं, पण पास झालं म्हणजे आता वाचायचं असतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी बोट ठेवून वाचायला लागले. काहीतरी चुकलंय, एवढं सरळ समजलं. वरून बंद असल्याचं कुठंच लिहिलेलं नव्हतं. पुढं एक शब्द अडला. मी अक्षरं सांगितली, पी, आर, ओ, एक्स, वाय. त्याच्या पुढं सर्व्हर, आणि त्याच्याही पुढं पत्ता चुकीचा असू शकतो असं.

धम्मप्रियाचं चावणं थांबलं. मग तिनं समजावून सांगितलं. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. तो चालू केला की कॉम्प्युटर थेट नेटकडं जात नाही, आधी त्याच्या पत्त्यावर जातो आणि तो सोडेल तेव्हा पुढं जातो. पत्ता खोटा टाकला तर कॉम्प्युटर तिथंच दारात उभा राहतो. आणि हे ज्याच्या त्याच्या खात्याचं वेगळं असतं, म्हणून एका खात्यात नेट चालतं, दुसऱ्यात नाही. आपोआप सहसा होत नाही, कोणीतरी करावं लागतं. मधला माणूस म्हटल्यावर खरं तर मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

तिनं सांगितलं तसं मी दाबत गेले. सेटिंग, मग नेटवर्क, मग प्रॉक्सी. तिनं विचारलं की बटण चालू आहे का बंद. चालू होतं.

"त्याच्याखाली पत्ता लिहिलेला असंल. आकडे सांग."

मी चष्मा सारखा केला. "बारा. टिंब. सात. टिंब. एकोणीस. टिंब. अठ्ठ्याऐंशी."

मी तेच आकडे परत एकदा बोट ठेवून वाचले.

मग धम्मप्रिया हळूच म्हणाली, "आई, ही तर पप्पा नोकरीला लागले ती तारीख."

मला सगळं एकदम आठवलं. साहेब ऑफिसात असताना जेवताना सांगायचे, क्रिकेटच्या मॅचच्या दिवशी सगळ्या कारकुनांचं नेट बरोबर बंद पडतं आणि माझं चालू राहतं. लिंबाजी नावाच्या ऑपरेटरनं त्यांना ही युक्ती शिकवली होती, प्रत्येकाच्या खात्यात जाऊन खोटा पत्ता टाकून ठेवायचा. काय पत्ता टाकता असं मी विचारलं होतं, तर म्हणाले होते की ते कार्यालयीन गुपित आहे. चार तुकड्यांचा पत्ता लागतो, आणि ह्या माणसाच्या डोक्यात चार तुकड्यांत बसेल अशी एकच गोष्ट. चोरी करताना माणूस तोंड झाकतो, आमच्या साहेबांनी चोरीच्या जागी सही केली होती.

धम्मप्रियाचा आवाज चढला. पप्पांना फोन लावते म्हणाली. मी म्हटलं, तू वर्गात जा, पोरं थांबली असतील. ते बटण मी बंद केलं. पुढच्या मिनिटाला ईमेल धडाधड यायला लागले, त्यात परीक्षेची लिंकही होती.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. काल खार शोधणारा माणूस डोळ्यासमोर येत होता. बिघाड स्वतः करून ठेवायचा आणि दिवसभर माझ्यासमोर तार पुसत बसायचं. मारलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं. पण तीनला अजून पाऊण तास होता. मी तोंड धुतलं, साडी बदलली. आणि एक काम केलं. अधीक्षकाच्या खात्यात गेले. पासवर्ड काय असणार, ते आता तुम्हालाही सांगता येईल. आत जाऊन प्रॉक्सीचं बटण चालू केलं आणि खाली पत्ता टाकला: २६.५.१९.९१.

तीन वाजता परीक्षा सुरू झाली. समोर एक सर आणि एक मॅडम. अर्जात 'सविनय' का लिहितात, मागणारा स्वतःला इतकं लहान का करून घेतो, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की आमच्या अर्जात तसं नाही. आमच्याकडच्या अर्जात नमस्कार एकदाच असतो, हात जोडलेले नसतात, हक्क कोणत्या कलमाखाली आहे ते पहिल्याच ओळीत असतं. मी एकेक अर्ज वाचून दाखवला. सर मान हलवत होते.

कॅमेरा लावला की स्वतःचं तोंडही एका कोपऱ्यात लहान चौकटीत दिसतं. त्या चौकटीत माझ्या मागं दार दिसत होतं. सव्वातीनच्या सुमाराला त्या दारात साहेब येऊन उभे राहिले. चपला हातात. चार वाजता येणार असं लिहून गेलेला माणूस लवकर आला होता. नेट बंद आणि मी रडत बसलेली, असं बघायला आले होते की बटण बंद करायला, ते मला आजही माहीत नाही.

नेमकं तेव्हाच मॅडमनं विचारलं की घरात अजून कोणी पदवीधर आहे का.

रागानं त्यांचं नावही काढू नये असं वाटत होतं. पण परीक्षेत खरं सांगायचं असतं. मी म्हटलं, "हाव, माझे मिस्टर बी.ए. हायत. हे साठच्या साठ अर्ज त्यांनीच लिहिलेले हायत. मी नुसते निवडले."

मॅडम म्हणाल्या की त्यांना आमचा नमस्कार सांगा, इतकी स्वच्छ मराठी आम्हालाही येत नाही. मी चौकटीत बघितलं. दार रिकामं होतं.

त्या दिवशी मी साहेबांशी बोलले नाही. ताट वाढलं, पाणी ठेवलं. शुक्रवारी सकाळी, प्रकल्पानं शिकवलेलं सगळं वापरून, मी त्यांना कारणे दाखवा नोटीस काढली. आपण दिनांक अमुक रोजी श्रीमती रेणुका गजभारे यांच्या खात्यातील नेट हेतुपुरस्सर बंद पाडले व नंतर ते दुरुस्त करण्याचा देखावा केला, हे आपल्या पदास शोभणारे नाही, तरी तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून एकतर्फी निर्णय घेण्यात येईल. दोन प्रती. एक त्यांच्या हातात दिली, दुसरीवर पोच मागितली. साहेबांनी नोटीस वाचली, खिशाचं पेन काढलं आणि पोचेची सही केली. खाली तारीख टाकली, वेळसुद्धा टाकली. सवय म्हणजे सवय.

मग ते कॉम्प्युटरवर जाऊन बसले आणि त्यांचं नेट नाही असं त्यांना दिसलं. त्यांनी कोणाला हाक मारली नाही. सरळ सेटिंगमध्ये गेले, पत्ता बघितला. बराच वेळ बघत राहिले. शेवटी मान न वळवता विचारलं, "हे सव्वीस पाच काय हाय?"

"जुन्या कागदात सापडंल, शोधा," मी म्हटलं.

शनिवारभर ते ट्रंक उपसत होते. मी स्वयंपाकघरातून बघत होते. रुजू अहवाल निघाले, बदलीचे आदेश निघाले, वेतनवाढीची पत्रं निघाली. दुपारी एक पिवळी पत्रिका निघाली. ती हातात घेऊन ते ट्रंकेपाशी जमिनीवरच बसले, उठलेच नाहीत. मला वाटलं, तारीख सापडली, लाज वाटली असेल, बरं झालं. बटण बंद करायला त्यांना दोन सेकंद लागले असते. पण शनिवारी नाही केलं, रविवारीही नाही. बिननेटचे बसून राहिले, पेन्शनरांच्या बातम्यांवाचून.

सोमवारी सकाळी टेबलावर खुलासा होता. सोबत टाचणीनं लावलेली आमची लग्नपत्रिका. खुलासा मी जसाच्या तसा देते.

'महोदया, आपल्या नोटिशीस अनुसरून कळवितो की, बुधवारी सकाळी आपण आंघोळीस गेल्या असता आपल्या खात्यात खोटा पत्ता मी टाकला. यात कंपनीच्या माणसाचा अगर खारीचा दोष नाही.

'सोबतच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे बी.ए. असे छापलेले आहे. मी बी.ए. नाही. पहिल्या वर्षाला इंग्रजीत नापास झालो, पुन्हा बसलो, पुन्हा झालो, त्यानंतर नोकरी लागली. छापखान्यात वडिलांनी तसे सांगितले होते. मी वाचले होते व दुरुस्त केले नाही. कालकथित सरजाबाई हयात असेपर्यंत दुरुस्त करणे शक्य वाटले नाही. त्या गेल्यानंतर उशीर झाला असे वाटले.

'मंगळवारी आपण दोन खिळे ठोकले. दुसऱ्या खिळ्यावर लावण्यास माझ्याकडे काही नाही. आपली परीक्षा एक वर्ष पुढे गेली तर तेवढी मुदत मिळेल, असा विचार केला. तो चूक होता. परीक्षेत आपण माझ्याविषयी जे सांगितले ते ऐकले. यापेक्षा अधिक लिहिता येत नाही. आपला, आनंदराज गजभारे.'

हा साहेबांचा पहिला अर्ज असेल ज्यात एकही कलम नव्हतं.

वाचून मी खुर्चीवर बसले. नेटचा राग कुठल्या कुठं गेला आणि त्याच्या जागी दुसराच मोठा राग आला. बीये, बीये करत वस्तीभर फिरलेली माझी आई आठवली. ती गेली तेव्हाही तिच्या लेखी जावई बीये होता. आणि मी चौतीस वर्षं मनात म्हणत राहिले की नवरा शिकलेला आहे, मी राहिले. राहिलो तर दोघंही होतो. हे वेळीच कळलं असतं तर एकाच दिव्याखाली अभ्यास केला असता. मला त्यांना खूप बोलायचं होतं. ते दाराआड उभे होते, त्यांचे पाय दिसत होते. पायांत मोजे दोन रंगांचे होते. मला हसू आलं, आणि ते आल्याचाही राग आला.

मी त्यांचंच पेन घेतलं आणि खुलाशावर आडवा शेरा मारला. 'खुलासा वाचला. समाधानकारक नाही. शिक्षा म्हणून हालचाल नोंदवही आजपासून बंद. दुसरा खिळा काढू नये. प्रवेश पुढच्या महिन्यात सुरू होतात, संबंधितांनी नोंद घ्यावी.' सही केली आणि कागद दाराखालून सरकवला.

महिन्याभरानं माझा निकाल लागला. सहासष्ट टक्के. डिग्री यायला वेळ आहे, पण पहिल्या खिळ्यावर मी गुणपत्रक लावून टाकलं. त्याच आठवड्यात एका दुपारी साहेबांनी अधीक्षकाच्या खात्यातून मला हाक मारली. प्रवेशाचा फॉर्म उघडायचा आहे म्हणाले, नेट सुरू करावे. मी गेले, माझ्या हातानं ते बटण बंद केलं. सव्वीस पाच पुसून टाकू का विचारलं, तर म्हणाले असू दे, लक्षात राहतंय.

फॉर्म उघडला. नाव, पत्ता, जन्मतारीख भराभर झालं. शिक्षण ह्या रकान्यापाशी त्यांचं बोट थांबलं. मी मुद्दाम उठून चहा ठेवायला गेले. परत आले तर तिथं बारावी असं लिहिलेलं होतं.

साहेब स्क्रीनकडंच बघत होते. "इंग्रजी तू शिकवशील का मला?"

मी चहा त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "अर्ज करा."